न वाचलेली पिवळी ओळ

“नाना, तुमच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मधोमध काहीच का नसतं? नुसतं भगदाड!”

जुईनं एका दमात विचारून टाकलं आणि खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर तिच्या मैत्रिणींची दोन डोकी होती, एक फिजाचं आणि एक तेजलचं. पैज त्यांचीच. “वक्तृत्वात पहिली आली तेव्हापासून लई बोलायला लागली ना तू, मंग विचारून दाखव तुझ्या नानांना,” असं फिजा म्हणाली होती. विचारलं तर फिजाचा ड्रोन सरोवरावरून उडवायला मिळणार, नाही विचारलं तर आठवडाभर त्याचे पंख पुसायचे.

नाना, म्हणजे जुईच्या आईचे वडील, डॉ. दिगंबर खरात, लोणारच्या सरोवराच्या काठावर एका छोट्या निरीक्षण केंद्रात राहत. तिथंच काम, तिथंच झोप. गावातली मुलं त्यांना थोडी घाबरूनच असत.

नाना खुर्चीत वळले. “बाहेरच्या दोघींना आत बोलाव. उत्तर एकदाच देईन.”

झालं! दोघी मान खाली घालून आत आल्या.

“जुई, माझ्यासमोर उभी राहा,” नाना म्हणाले. “मला तुझे कान दिसतात. वेण्या दिसतात. खांदे दिसतात. नाक कुठं आहे ते मात्र अंदाजानं ठाऊक आहे.”

“बरंय की नाना,” तेजल पटकन बोलून गेली, “तिचं नाकच मोठंय.”

नाना इतके मोठ्यानं हसले की फिजा दचकली. मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत जो पडदा असतो, त्याच्या मधोमध एक ठिपका असतो, मॅक्युला (बारीक अक्षरं आणि चेहरे ओळखणारा भाग). नानांचा तो ठिपका म्हातारपणी झिजला होता. जिथं बघावं नेमकं तिथंच धुकं, आणि कडेचं मात्र दिसायचं.

“म्हणून माझ्या ‘ओसरी’त सगळं कडेला आहे. मधली जागा मला निरुपयोगी.”

ओसरी हे नानांच्या कॉम्प्युटरवरच्या डेस्कटॉपचं नाव (कॉम्प्युटर सुरू केल्यावर जे दिसतं ते सगळं: चित्रं, पट्ट्या, खिडक्या आणि त्यांची मांडणी). तरुणपणी नानांनी आणि त्यांच्या सहा मित्रांनी मिळून ती लिहिली होती, तीही मराठीत, सूचनांसकट. पुढं डोळे जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा नाना रडत बसले नाहीत. चार वर्षं खपून त्यांनी ओसरीतली एकेक वस्तू मधून उचलली आणि कडेला नेऊन ठेवली. दिसत होतं तोवर, न दिसणाऱ्या दिवसांसाठी. जगात दुसरा असा डेस्कटॉप नव्हता.

तेवढ्यात टेबलावरच्या रेडिओतून आवाज आला, “नाना, आजची नोंद घ्यायची का?”

ही पाणकोंबडी. सरोवराच्या पाण्यावर तरंगणारा, परातीएवढा रोबो. खाऱ्या पाण्याची उष्णता, खारटपणा, त्यातले सूक्ष्म जीव, सगळं ती मोजायची आणि रोज संध्याकाळी ओसरीत पाठवायची. नानांनी स्क्रीनच्या डाव्या कडेला बोट लावलं आणि नोंद झाली. येत्या जूनमध्ये या नोंदींना पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. इतक्या सलग नोंदी क्वचितच कुठल्या तळ्याच्या असतील, असं नाना म्हणायचे. म्हणताना त्यांची मान थोडी ताठ व्हायची.

तो जानेवारीचा शेवटचा रविवार होता. पुढच्या रविवारी नानांचा कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच.

ज्या संस्थेचं हे केंद्र होतं, तिनं चारच दिवसांत नवा कॉम्प्युटर पाठवला. पण त्याचा प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू) वेगळ्या जातीचा होता. जुनी ओसरी त्यावर चालेना.

“मग संपलं सगळं?” जुईनं विचारलं.

“छे! सोर्स कोड आहे ना,” नाना म्हणाले. “म्हणजे आम्ही हातानं लिहिलेल्या मूळ सूचना. गाण्याची स्वरलिपी असते ना, तसं समज. पेटीवाला ती वाचून पेटीवर वाजवतो, बासरीवाला बासरीवर. स्वरलिपी तीच. ती वाचून त्या त्या यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कम्पायलर. नव्या कॉम्प्युटरसाठी ओसरी पुन्हा बांधायची, एवढंच. फक्त...”

ते थांबले. ओसरी नसताना समोर होता तो काळा स्क्रीन, आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. नानांना तिथं धुक्याशिवाय काहीच दिसत नव्हतं.

“फक्त काय? मी आहे ना!” जुई म्हणाली. “तुम्ही सांगायचं, मी टाइप करायचं. आलेलं सगळं वाचून दाखवते. दोन दिवसांत उभी करते तुमची ओसरी!”

वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिला सगळ्याच गोष्टी दोन दिवसांच्या वाटायच्या.

रविवारी, आठ फेब्रुवारीला, त्यांनी पहिल्यांदा बांधणी सुरू केली. ओळी धो धो खाली धावल्या आणि स्क्रीन लालेलाल झाला.

“नाना! तीनशे बारा चुका! आणि शेवटी लिहिलंय, ‘बांधणी थांबली, चूक क्रमांक दोन.’ आता ही दोन नंबरची चूक म्हणजे कोणती?”

“शेवटची ओळ सोड. ती नुसती ‘मी पडलो’ म्हणते, कशाला अडखळलो ते सांगत नाही. वर जा. पहिली चूक वाच.”

“पहिली? ती तर पार आभाळात गेली असेल.”

“जा आभाळात.”

जुई वर वर जात राहिली. पहिली लाल ओळ सापडली: ‘खिडकी-आराखडा ही फाइल मिळाली नाही.’

“हां,” नाना म्हणाले. “ओसरी एकटी उभी राहत नाही. दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेली कामं ती वापरते. अशा तयार कामांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. खिडक्या काढायची लायब्ररी या कॉम्प्युटरवर नाही. ती नाही, म्हणून तिच्यावर टेकलेली प्रत्येक ओळ ओरडतेय. चूक एकच आहे, बोंब तीनशे जणांची.”

नव्या कॉम्प्युटरसोबत लायब्ऱ्यांची पेटी आली होती. जुईनं तिच्यातली ती लायब्ररी घातली. तीनशे बारा चुकांच्या झाल्या दोन! जुई खुर्चीवर उभी राहून नाचली. नानाही टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले होते.

“आणि एक लक्षात ठेव,” ते म्हणाले. “लाल ओळ म्हणजे चूक, काम थांबतं. पिवळी ओळ म्हणजे इशारा, काम थांबत नाही. म्हणूनच लोक तो वाचत नाहीत. तू मला दोन्ही वाचून दाखवायचंस. तू माझा तो ठिपका आहेस सध्या.”

सोमवारी संध्याकाळपर्यंत ओसरीच्या आठशे चाळीसच्या आठशे चाळीस फाइली बांधून झाल्या. उरली शेवटची पायरी, जोडणी. प्रत्येक फाइलीचा वेगळा तुकडा बनतो आणि लिंकर नावाचा प्रोग्राम ते सगळे तुकडे एकमेकांना जोडतो. तिथं एक लाल ओळ आली: ‘कडेची-रुंदी कुठल्याच तुकड्यात सापडली नाही.’

“ही माझीच फाइल,” नाना हळूच म्हणाले. “‘कड’ नावाची. सगळं कडेला नेणारी. नव्या लायब्ररीला जे नाव हवंय ते तिच्यात नाही. रात्रभर विचार करतो. उद्या तुझी वक्तृत्वाची तालीम आहे, बुधवारी सांगतो काय लिहायचं ते.”

रेडिओतून पाणकोंबडीनं विचारलं, “नाना, आजची नोंद घ्यायची का?” ओसरी नसल्यामुळे नोंद उतरवायला जागाच नव्हती; तोवर नोंदी पाणकोंबडीच्याच पोटात साठत होत्या. “दोनच दिवस थांब गं बाई,” नाना तिला म्हणाले.

इथपर्यंत सगळं छान होतं. जुईला नंतर कितीदा तरी वाटलं, मंगळवार उजाडलाच नसता तर!

मंगळवारी शाळेत बाईंनी सांगितलं, बालवैज्ञानिक स्पर्धेच्या नोंदवह्या शनिवारी द्यायच्या. जुईचा विषय होता ‘सरोवराकाठच्या चिखलाचं तापमान’. जानेवारीतले तीस दिवस, रोज संध्याकाळी एकदा मोजायचं, त्याच दिवशी कॉम्प्युटरवर फाइल लिहायची; या फाइली म्हणजेच नोंदवही. स्पर्धेचा प्रोग्राम प्रत्येक फाइलीची तारीख तपासून घेणार होता.

जुईनं अकरा दिवस मोजलं होतं. बाकीचे दिवस वक्तृत्व, तेजलच्या बहिणीचं लग्न, कंटाळा. आणि मोजलेलं होतं तेही कागदाच्या चिठ्ठ्यांवर, फाइल एकही नाही.

शाळेच्या टॅबला वेळ उपग्रहाकडून मिळते, ती बदलता येत नाही. पण नानांचा कॉम्प्युटर कशालाच जोडलेला नव्हता. सरोवराच्या नोंदी बाहेरच्या कुणी बिघडवू नयेत म्हणून संस्थेचा तो नियमच होता. त्या कॉम्प्युटरला जी तारीख सांगाल ती त्याला खरी.

तालीम बुडवून जुई केंद्रावर गेली. नाना अंगणात फेऱ्या मारत होते. जुईनं कॉम्प्युटरची तारीख एक जानेवारी केली, पहिली फाइल लिहिली. दोन जानेवारी केली, दुसरी लिहिली. चिठ्ठी होती त्या दिवशी चिठ्ठीतला आकडा, नव्हती त्या दिवशी साधारण तसलाच एखादा. तीस फाइली एका बैठकीत होईनात, म्हणून तारीख तिनं तशीच जानेवारीत ठेवली. शनिवारी सगळं पूर्ववत करू, असं ठरवलं. कुणाला कळणार होतं?

बुधवारी नाना तिची वाटच पाहत होते. “सापडलं!” ते म्हणाले. ‘कड’ फाइलीत चौदा ओळी घालायच्या होत्या. त्यांनी तोंडानं सांगितल्या, स्वल्पविरामासकट. जुईनं टाइप केल्या आणि बांधणी चालवली.

‘कडेची-रुंदी कुठल्याच तुकड्यात सापडली नाही.’

“तीच चूक?” नानांनी विचारलं.

“तीच. अक्षर न् अक्षर.”

“पिवळं काही?”

लाल ओळीच्या वर एक पिवळी ओळ होती. ती आधी कधीच नव्हती. जुईची नजर तिच्यातल्या एका शब्दावर पडली, ‘घड्याळ’, आणि तिनं ती ओळ पुढं वाचलीच नाही. ही ओळ वाचली तर नाना विचारणार, घड्याळाला काय झालं? मग सगळंच सांगावं लागणार. आणि पिवळी तर आहे, तिच्यानं काम थोडंच थांबतंय?

“नाही नाना,” ती म्हणाली. “पिवळं काही नाही.”

नाना मान हलवत म्हणाले, “मग मीच चुकलो कुठंतरी.”

गुरुवारी त्यांनी दुसरा उपाय सांगितला. सांगताना ते दोनदा अडखळले, एकदा मागं जाऊन ओळ बदलली. बांधणी चालवली. तीच लाल ओळ. “पिवळं?” “नाही.” शुक्रवारी तिसरा उपाय. यावेळी त्यांनी आधी सगळ्या ओळी जुईकडून तीनदा वाचून घेतल्या. तीच लाल ओळ.

“मला चौदा ओळी डोक्यात धरता येत होत्या गं,” नाना म्हणाले. “चौदाशे येत होत्या एकेकाळी. डोळे गेले ते चाललं. आता डोकंही...” त्या संध्याकाळी पाणकोंबडीनं विचारलं तेव्हा त्यांनी हात लांब करून चाचपडत रेडिओचं बटण बंद केलं.

जुई तिथंच उभी होती. तोंड उघडायला एवढासा वेळ पुरला असता. तिनं उघडलं नाही.

शनिवारी सकाळी तिनं नोंदवही दिली. “किती नेटकं काम!” बाई वर्गासमोर म्हणाल्या. तेजलनं पाठीवर थाप मारली. जुईला एरवी असलं काही फार आवडतं.

दुपारी नानांनी तिला बोलावून घेतलं. “एक पत्र लिहून घे. तुझ्या आईच्या फोनवरून पाठवून दे.”

ती लिहायला लागली आणि तिसऱ्या ओळीलाच तिची बोटं थांबली. ‘माझी दृष्टी गेल्याचं आपणास ठाऊक आहेच. आता माझी विचार करण्याची शक्तीही पूर्वीसारखी राहिलेली नाही, असं या आठवड्यात माझ्या लक्षात आलं आहे. चुकीच्या नोंदी होण्याआधीच मी हे काम सोडावं, हे योग्य.’

“थांबलीस का?”

“काही नाही. ‘योग्य’च्या पुढं पूर्णविराम ना?”

“हो. पूर्णविराम.”

तासाभरात संस्थेचं उत्तर आलं. आपल्या निर्णयाचा आदर आहे, एक मार्चला प्रतीक्षायादीतली नवी संशोधक रुजू होईल, आपल्या कार्याबद्दल कृतज्ञता. आईनं ते वाचून दाखवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ती उगाचच ओटा पुसत राहिली. आपले वडील थकले, याचं तिला वाईट वाटत होतं. जुईला वाटत होतं ते वेगळंच होतं आणि ते तिला कुणाला सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळी ती केंद्रावर गेली. नाना बाहेर कट्ट्यावर सरोवराकडे तोंड करून बसले होते. ती गुपचूप कॉम्प्युटरपुढे बसली. नानांचं नाही तर नाही, आपलं तरी डोकं चालतं का बघू, असं तिनं मनाशी म्हटलं. पण तिसऱ्या उपायातली एकही ओळ तिला चुकीची वाटेना. तीन वेगवेगळे उपाय, आणि चूक मात्र हुबेहूब तीच? उपाय चुकला तर चूकही थोडी तरी बदलायला नको का?

तिच्या डोक्यात एक वेडेपणा आला. ‘कड’ फाइलीच्या बरोबर मध्ये तिनं टाइप केलं: भोपळा भोपळा भोपळा.

आता कम्पायलरनं आकाशपाताळ एक करायला हवं होतं. ओसरीच्या सूचनांमध्ये भोपळ्याचं काय काम! तिनं बांधणी चालवली.

कम्पायलर एका शब्दानं बोलला नाही. भोपळा त्याला दिसलाच नव्हता. आली फक्त तीच लाल ओळ, आणि तिच्यावर ती पिवळी.

म्हणजे तो ही फाइल वाचतच नाहीये! आज पहिल्यांदा तिनं पिवळी ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली.

‘इशारा: “कड”च्या तुकड्याची वेळ आतापेक्षा ७,२०,००० सेकंद पुढची आहे. घड्याळात तफावत. बांधणी अपुरी राहू शकते.’

एका दिवसाचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे. तिनं भागाकार केला. आठ दिवस आणि वर आठ तास. शेवटच्या खोट्या नोंदीसाठी शुक्रवारी तिनं घड्याळ तीस जानेवारीवर लावलं होतं, शनिवारी ते पूर्ववत करायचं राहूनच गेलं, आणि दोन दिवसांत ते एक फेब्रुवारीवर आलं होतं. आणि तुकडे बांधले होते सोमवारी, नऊ फेब्रुवारीला. एक आणि आठ... बरोबर नऊ.

ती उठून बाहेर गेली. कट्ट्यावर बसली नाही, उभीच राहिली.

“नाना, पिवळी ओळ होती. बुधवारी होती, गुरुवारी होती, शुक्रवारीपण. मी वाचली नाही. घड्याळ मी मागं केलं होतं.”

मग तिनं सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, अकरा दिवस, मनानं घातलेले एकोणीस आकडे, भोपळा. नानांनी मान किंचित वळवली, तिचा चेहरा कडेनं दिसावा म्हणून.

“तीन दिवस,” ते शेवटी म्हणाले. एवढंच.

“ओरडा ना मला.”

“ओरडून काय करू? आत चल. ते भोपळे काढ आणि घड्याळ नीट लाव.”

जुईनं भोपळे काढले, मग तारीख पंधरा फेब्रुवारी केली आणि बांधणी चालवली. लाल ओळ पुन्हा आली!

“आता का? आता तर घड्याळ बरोबर आहे!”

“बस इथं,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता, पण शिकवायला लागला की माणसाचा आवाज जरा सरळ होतो. “आठशे चाळीस फाइली दर वेळी पुन्हा बांधायच्या तर दिवस जाईल. म्हणून कम्पायलरच्या आधी एक मुकादम असतो. कुठली फाइल पुन्हा बांधायची आणि कुठली नाही, ते तो ठरवतो. तो फाइल उघडून वाचत नाही. फक्त वेळ बघतो. तुमच्या बाई वह्या कशा तपासतात?”

“शेवटची सही कधीची ते बघतात. पान त्या तारखेच्या नंतरचं असलं तरच वाचतात.”

“मग आज लिहिलेल्या पानावर तू मागच्या महिन्याची तारीख टाकलीस तर?”

जुई हळू म्हणाली, “बाई म्हणतील, हे तर तपासलेलं आहे. आणि पान उलटतील.”

“तेच झालं. ‘कड’चा तुकडा सोमवारचा, नऊ तारखेचा. माझ्या दुरुस्त्या बुधवारच्या, पण त्यांच्यावर शिक्का जानेवारीचा. मुकादम म्हणाला, मूळ फाइल जुनी, तुकडा नवा, म्हणजे काही बदललेलं नाही. त्यानं तोच जुना तुकडा लिंकरला दिला. तीनही वेळा. आता तू घड्याळ नीट केलंस, पण बांधून पडलेले तुकडे काही आपोआप बदलत नाहीत.”

“मग?”

“बांधलेलं सगळं पुसायचं. मूळ फाइली ठेवायच्या, तुकडे सगळे टाकून द्यायचे आणि पहिल्यापासून बांधायचं. आणि ‘कड’ची बुधवारची प्रत घे. माझा पहिला उपाय.”

प्रत्येक बदलाची वेगळी प्रत ठेवायची, हा नानांचा नियम होता. जुईनं बुधवारची प्रत काढली. सगळं पुसलं. सुरू केलं.

पाऊण तास लागला. एक ते आठशे चाळीस, आकडे पुढं सरकत होते आणि दोघं शेजारी बसून होते. जुईनं आलेली प्रत्येक पिवळी ओळ मोठ्यानं वाचली. अकरा निघाल्या. दहांना नाना म्हणाले “असू दे”, एका ठिकाणी त्यांनी स्वल्पविराम बदलून घेतला.

मग जोडणी. लाल ओळ नाही. पिवळीही नाही. स्क्रीन क्षणभर काळा झाला आणि चारी कडांना हळूहळू ओसरी उगवली. डावीकडे नोंदी, उजवीकडे हवामान, खाली पत्रं. मध्ये काही नाही.

नानांनी डाव्या कडेला बोट ठेवलं. ते बरोबर जागेवर पडलं.

“बुधवारचाच उपाय बरोबर होता,” ते म्हणाले. “पहिलाच.” ते हसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले, जो पुसून त्यांना काहीच फरक पडणार नव्हता.

“नाना, आईला सांगते लगेच. संस्थेला फोन करू, पत्र चुकून गेलं म्हणू!”

“नको.”

“का नको? तुमचं डोकं तर एकदम बरोबर आहे! जूनमध्ये पंचवीस वर्षं होतायत!”

“त्यांनी एका मुलीला नेमलंय. पहिलीच नोकरी असेल तिची. काल संध्याकाळी तिनं घरी सांगितलं असेल, पेढे वाटले असतील. आज मी म्हणू, माझी नात घड्याळाशी खेळली, तू घरी बस?” त्यांनी मान हलवली. “ते झालं गं जुई. ते आता पुसून पहिल्यापासून बांधता येत नाही.”

जुई रडली. मघापासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. नानांनी तिला थांबवलं नाही. मग म्हणाले, “भोपळा कुणी शिकवला तुला?”

“कुणी नाही. सुचला.”

“आम्ही सात जण होतो. असं मुद्दाम चूक घालून बघायचं आम्हाला सुचायला दोन वर्षं लागली होती.” त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “एक मार्चपर्यंत पंधरा दिवस आहेत. नव्या मुलीला सगळं नीट सोपवायचंय. आणि ओसरीच्या मुकादमाला घड्याळावर लक्ष ठेवायला शिकवायचंय. घड्याळ मागं गेलेलं दिसलं की पिवळी ओळ नाही, लाल. कामच थांबलं पाहिजे. लिहिशील?”

“मी?”

“मग कोण? मला तर स्क्रीनचा मधला भाग दिसत नाही.”

संध्याकाळी जुई घरी आली तेव्हा आई भाजी निवडत होती आणि बाबा तिच्या सायकलची साखळी बसवत होते. बाबा म्हणाले, “आलीस? बाईंचा फोन होता. तुझी नोंदवही जिल्ह्याला पाठवणार म्हणे. पेढे आणू का?”

“नका आणू,” जुई म्हणाली. “आई, तूपण ऐक. हातातली जुडी खाली ठेव.”

“काय झालं गं?”

“मी स्पर्धेतून नाव काढून घेतेय. उद्या सकाळी बाईंना सांगणार, आणि का ते वर्गासमोर सांगणार. त्या वहीतले एकोणीस आकडे मी मनानं लिहिलेत. आणि नानांचं डोकं गेलेलं नाही, बाबा. त्यांचा पहिलाच उपाय बरोबर होता, माझ्यामुळं तो चालला नाही. हे मी संस्थेला लिहिणार आहे, माझ्या नावानं, सगळं. त्यांनी नानांना परत बोलवावं म्हणून नाही, ते येणार नाहीत. पण पंचवीस वर्षांच्या नोंदींपुढं ‘बुद्धी कमी झाली म्हणून काम सोडलं’ असं राहता कामा नये. ते खोटं आहे. आई, मला तुझा फोन लागेल. पाठवायच्या आधी तुम्हाला दोघांना वाचून दाखवते, एकही ओळ न गाळता.”